सेव्हन की नाइन? पिल्लाच्या लशींचा हिशेब

पिल्लू घरी आलं : लेखांक ४

पिल्लाला घेऊन पहिल्यांदा दवाखान्यात गेलात की बरेचदा काउंटरवरच प्रश्न येतो, ‘सेव्हन इन वन द्यायची की नाइन इन वन?’ नवा पालक गोंधळतो आणि मोठा आकडा निवडतो. जास्त रोग, जास्त संरक्षण, असा सरळ हिशेब. मागच्या आठवड्यात आपण पिल्लाच्या खाण्याचं पाहिलं, आज हा हिशेब तपासू.

आकडा मोजायची रीत कंपनीगणिक वेगळी असते. लेप्टोचे दोन प्रकार लशीत असले तर ते दोन धरले जातात. अडेनोचा एकच घटक दोन आजारांवर चालतो, म्हणून तोही कुणी दोनदा मोजतं. काही लशींत कुत्र्यांचा कोरोना घालून आकडा वाढवलेला असतो. त्यामुळे सात मोठे की नऊ, यात फारसा अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच : आपल्या पिल्लाची गाठ कुठल्या रोगांशी पडणार आहे, आणि त्याचा शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडणार आहे?

सगळ्यांना लागणाऱ्या

पार्व्हो, डिस्टेंपर आणि अडेनो या तिघांवरची लस प्रत्येक पिल्लाला हवी. मग ते लॅब्राडोर असो, पॉमेरियन असो की सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेलं गावठी. ‘आपल्या देशी कुत्र्याला काही होत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. रस्त्यावरची जी पिल्लं जगली ती आपल्याला दिसतात, जी गेली ती दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पार्व्हो हा तुलनेने नवा रोग. 1978च्या सुमारास तो जगभरातल्या कुत्र्यांत एकदम पसरला. पिल्लू खाणं सोडतं, उलट्या करतं, मग रक्ताचे, भयंकर वासाचे जुलाब सुरू होतात. दोन-तीन दिवसांत शरीर कोरडं पडतं. हा विषाणू चिवट आहे. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडला की महिनोन् महिने टिकतो आणि आपल्या चपलेला लागून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही पोचतो. म्हणून ‘आमचं पिल्लू बाहेर जातच नाही’ ही सबब इथे चालत नाही.

डिस्टेंपर खोकल्या-शिंकेतून पसरतो. सुरुवात नाक-डोळे वाहण्याने आणि तापाने होते, पुढे तो मेंदूपर्यंत पोचला की झटके येऊ लागतात. वाचलेल्या कुत्र्याचा पाय किंवा जबडा पुढे जन्मभर उडत राहू शकतो. या विषाणूची मजल कुत्र्यांपुरती नाही. 2018 साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू असल्याचं दाखवून दिलं. तिसरा अडेनो. तो यकृतावर हल्ला करतो. लसीकरण झालेल्या कुत्र्यांत आता क्वचितच दिसतो, आणि ते लशीमुळेच.

चौथी लस रेबीजची. हिच्याबद्दल चर्चाच नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की कुत्रा काय, माणूस काय, जवळपास कुणीच वाचत नाही. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी 36 टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच होतो. चित्र बदलता येतं हे शेजारच्या गोव्याने दाखवलं. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी 2014पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लशी टोचल्या, चावलं तर काय करायचं ते शाळांमधून शिकवलं. माणसांचे मृत्यू काही वर्षांत थांबले आणि 2021मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं. तुमच्या पिल्लाची लस त्याच्याइतकीच तुमच्या घरातल्यांसाठीही आहे.

कुठे राहता, त्यावर ठरणाऱ्या

लेप्टो मुंबई-कोकणच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पावसाळ्यात माणसांनाही होतो. कुत्र्याला तो पाणी चाटून किंवा ओल्या गवतातून फिरताना होतो, आणि त्याच्याकडून घरात येऊ शकतो. त्यामुळे आपल्याकडे ही लस ऐच्छिक म्हणून सोडून देऊ नये. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते, आणि तिचा असर साधारण वर्षभरच टिकत असल्याने दरवर्षी पुन्हा. पावसाच्या तोंडावर ती ताजी असलेली बरी.

केनल कफची लस सगळ्यांना लागत नाही. गावी जाताना कुत्रा बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल, डे-केअर, ट्रेनिंग क्लास किंवा डॉग शोला नेणार असाल, तर घ्या. घरात एकटाच वाढणाऱ्या कुत्र्याला तिची घाई नाही. कुत्र्यांच्या कोरोनाचा कोविडशी संबंध नाही. त्याने पिल्लाला बहुधा साधे जुलाब होतात आणि थांबतात. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, ती लस घ्या असं सांगत नाही. नऊच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी हे लक्षात असू द्या.

एकच लस इतक्यांदा का?

पालक सर्वांत जास्त कंटाळतात ते इथे. ‘मागच्या महिन्यातच दिली ना?’

जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिद्रव्यं त्याच्या रक्तात येतात. ती पहिले काही आठवडे त्याला राखतात. पण हीच प्रतिद्रव्यं लशीतल्या विषाणूलाही निकामी करतात, त्यामुळे लस टोचूनही पिल्लाच्या शरीराला स्वतः काही शिकायला मिळत नाही. आईची शिदोरी हळूहळू संपते. कुणाची आठव्या आठवड्यात, कुणाची चौदाव्या. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो, आणि वरून पाहून तो ओळखता येत नाही. शिवाय मधे असे काही दिवस येतात, जेव्हा ती रोग रोखायला अपुरी पण लस बिघडवायला पुरेशी असते. ‘लस दिली होती तरी पार्व्हो झाला’ असं जे ऐकू येतं, त्यातली बरीच पिल्लं याच दिवसांत सापडलेली असतात.

म्हणून तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची. पहिला डोस वाया गेला तर दुसरा लागू पडेल, दुसरा गेला तर तिसरा. आणि म्हणूनच शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावरच. तोवर बहुतेकांची शिदोरी संपलेली असते. ‘तीन डोस झाले, कोर्स संपला’ असं म्हणत बाराव्या आठवड्यात थांबलात, तर तिन्ही डोस पाण्यात जायची शक्यता उरते. डोसांची संख्या मोजू नका, वय मोजा.

समजा, पिल्लू 1 जूनला जन्मलं. आठ आठवडे भरतात 27 जुलैला : पहिला डोस, लेप्टोसकट. 24 ऑगस्टला बारा आठवडे : दुसरा डोस, आणि रेबीज. 21 सप्टेंबरला सोळा : तिसरा. त्याच वेळी रेबीजचा बूस्टर द्यायचा का, ते डॉक्टर ठरवतील. आपल्याकडचा धोका पाहता तो दिलेला चांगला. मग सहा महिने भरताना, म्हणजे नोव्हेंबरअखेर, पार्व्हो-डिस्टेंपरचा आणखी एक डोस. कुणा चुकार पिल्लाला सप्टेंबरचाही डोस लागू पडला नसेल, तर तो इथे भरून निघतो. पुढे रेबीज आणि लेप्टो दरवर्षी. बाकीच्यांचं अंतर डॉक्टरांशी बोलून वाढवता येतं.

पिल्लू 45 दिवसांचं असतानाच विकायची पद्धत आपल्याकडे आहे. 2017च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी ते तसं घरी आलंच असेल, तर डॉक्टर सहाव्या आठवड्यात पार्व्हो-डिस्टेंपरचा लहान वयातला डोस देतात. तो जादाचा समजायचा. पुढचे डोस त्याने रद्द होत नाहीत.

दवाखान्यात काय पाहायचं

लशीच्या दोन छोट्या बाटल्या असतात. एकीच्या तळाशी पांढरी सुकी वडी, दुसरीत पातळ द्रव. बाटल्या फ्रिजमधून बाहेर आल्या पाहिजेत, कारण लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. डॉक्टर द्रव वडीच्या बाटलीत सोडतात, हलवतात आणि लगेच टोचतात. कालवून ठेवलेली लस घेऊ नका. बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवलं जातं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. विकणाऱ्याने ‘दोन लशी झाल्यात’ म्हणत दिलेल्या कार्डावर नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा असतील आणि लेबल व डॉक्टरांची सही नसेल, तर ते डोस झालेच नाहीत असं धरून चाला.

पिल्लाला ताप किंवा जुलाब असतील तर लस पुढे ढकला. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. दिवसभर मरगळ येणं स्वाभाविक आहे, पण तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, लागोपाठ उलट्या झाल्या तर तडक परत न्या.

कोर्स संपेपर्यंत पिल्लाला घरात कोंडायचंही नाही. जगाची ओळख होण्याचं त्याचं वय नेमकं तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातलं. त्याला कडेवर घेऊन फिरवा, रिक्षांचे आवाज ऐकवा, लशी पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांना भेटवा. टाळायची ती बागेतली जमीन आणि रस्त्याकडेची घाण. आणि एक : पिल्लू चावलं, मग ते लस घेतलेलं का असेना, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

उद्या दवाखान्यात जाणार असाल, तर सात की नऊ हे विचारण्याआधी पिल्लाची जन्मतारीख विचारून घ्या, सोळा आठवडे मोजा आणि ती तारीख कार्डावर ठळक लिहा. त्यानंतरचा एक डोस चुकवायचा नाही, एवढं पाळलंत तरी अर्ध्याहून जास्त काम झालं.

पुढच्या आठवड्यात : जंत, गोचिड आणि पिसवा.