आयुर्वेदप्रवेश आणि ‘नीट’ : वैद्याने पालकांस काय सांगावे?



चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययनाचा विचार परीक्षेपासूनच सुरू होतो. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची व आचार्याची परीक्षा करावी आणि आचार्याने शिष्याची. आज शिष्यपरीक्षेचे हे कार्य ‘नीट’ या एकाच सामाईक प्रवेशपरीक्षेकडे आले आहे. तिच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद असू शकतात. परंतु तिचे नियमच आपल्या भागातील अनेक पालकांना ठाऊक नसतात, ही अधिक चिंतेची बाब होय.

२०२५ च्या जून महिन्यात परंडा तालुक्यातील एक शेतकरी, आमचे जुने रुग्ण, कन्येस घेऊन चिकित्सालयात आले. मुलगी जीवशास्त्रासह बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकण्याची तिची इच्छा. ‘नीट’चा अर्ज मात्र भरलेलाच नव्हता. “नीट एमबीबीएसला लागते, हिला तर तुमच्यासारखं वैद्य व्हायचंय,” असे ते म्हणाले. या वर्षी प्रवेश मिळणार नाही, हे आम्हासच त्यांना सांगावे लागले.

हा गैरसमज अकारण नाही. एकेकाळी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत. पुढे राज्याची सीईटी आली. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या २०१८ मधील सुधारित नियमांनी आयुर्वेदासही ‘नीट’ अनिवार्य केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये हे बंधन वैध ठरविले.

अडचण कालक्रमाचीही आहे. २०२५ साली ‘नीट’च्या अर्जाची मुदत ७ मार्चला संपली, परीक्षा ४ मे रोजी झाली आणि राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. म्हणजे निकाल पाहून मार्ग ठरवू म्हणणाऱ्याचा मार्ग तोवर बंद झालेला असतो.

दुसरा गैरसमज पात्रतेचा. खुल्या प्रवर्गास ५० पर्सेंटाइल लागतात, हे ऐकून मुले धीर सोडतात. परंतु ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या पुढे असणे होय. २०२५ साली ही सीमा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. राखीव प्रवर्गांसाठी, ४० पर्सेंटाइलनुसार, ११३ वर. अर्थात पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. जागा गुणानुक्रमे मिळते आणि त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. जात वैधता प्रमाणपत्रासारखी कागदपत्रे अकरावीतच मार्गी लावणे हितावह.

औषधालयचालक बंधूंनाही मुले विचारतात. डी. फार्मसीस बारावीचे गुण पुरतात, बी. फार्मसीसाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. हा भेदही स्पष्ट सांगावा.

ती कन्या अकरावीत असताना कासासाठी आमच्याकडे आली होती. आम्ही अग्नी, मल, निद्रा सारे विचारले. पुढे काय शिकणार, एवढेच विचारले नाही. आता विज्ञान शाखेचा विद्यार्थी चिकित्सालयात आला की हा प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो आणि डिसेंबरात अर्जाचे स्मरण देतो. आपणही द्यावे. अनागत व्याधीचा प्रतिबंध सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांस याहून अधिक सांगणे न लगे.