आंत्रसंकोच : क्षय की क्रोन?

लहान आतड्याची पोकळी एखाद्या ठिकाणी रोगामुळे अरुंद होणे, ह्या विकृतीस आंत्रसंकोच म्हणतात. जेवणानंतर उठणारी कळ, पोटातील गुडगुड, वांती आणि वजनातील घट ही तिची परिचित लक्षणे होत. भारतीय वैद्यकात ह्या लक्षणांपुढे दोन रोगांचा विचार एकाच वेळी करावा लागतो : आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग. दोन्ही रोग शेषांत्राचा अंत्यभाग व अंधांत्र ह्यांना विशेषेकरून ग्रासतात. दोहोंतही व्रण पडतात आणि दोहोंतही संकोच उद्भवतो. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. क्रोन समजून स्टेरॉइड दिले आणि रोग क्षयाचा निघाला, तर तो शरीरभर पसरण्याचे भय असते. उलटपक्षी, क्रोनच्या रोग्यास महिनोन्महिने क्षयाची औषधे दिल्यास त्या अवधीत दाह चालूच राहतो व संकोच पक्का होण्याचा संभव वाढतो.

हा संभ्रम जुना आहे. ग्लासगोच्या डॅलझिएल ह्यांनी 1913 मध्ये आतड्याच्या अशाच जुनाट दाहाचे वर्णन केले. गुरांच्या एका क्षयसदृश रोगाशी त्याचे साम्य त्यांना दिसले; परंतु जंतू सापडले नाहीत. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर ह्यांनी त्यास स्वतंत्र रोगाचे स्थान दिले. 1934 मध्ये कँटर ह्यांनी बेरियमच्या क्ष-किरण चित्रात दोऱ्यासारखी दिसणारी अरुंद रेषा हे त्याचे चिन्ह म्हणून नोंदविले.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि 2016 मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगावकडून येणाऱ्या धानशेतीवरील मजुराच्या दृष्टीने प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी होय. तेव्हा कोणती तपासणी आधी करावी आणि तिच्यातून नेमके काय पाहावे, ह्या प्रश्नास तेथे केवळ शास्त्रीय महत्त्व नाही.

पोट फुगून वांती होत असल्यास प्रथम उभ्याने घेतलेले क्ष-किरण चित्र आतड्याची कोंडी दाखविते. सोनोग्राफी स्वस्त व निर्धोक असून, आतड्याची भिंत 3 मिलिमीटरहून जाड आढळल्यास ती संशयास जागा देते. सी. टी. एंटरोग्राफीत रोग्यास सुमारे दीड लिटर मॅनिटॉलमिश्रित पाणी तास-पाऊण तासात पाजून आतडे फुगविले जाते. न फुगलेले आतडे अरुंद भासते व फसविते. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी क्रोनच्या संकोचासाठी तीन लक्षणे निश्चित केली : पोकळीची घट, भिंतीची जाडी आणि अडथळ्याच्या वरच्या बाजूस आतड्याचा 3 सेंटिमीटरहून अधिक विस्तार. वारंवार चित्रण लागणाऱ्या तरुण रोग्यास, किरणोत्सर्ग टाळण्यासाठी, एम. आर. आय. अधिक इष्ट होय.

क्षयात संकोच बहुधा आखूड असतो, व्रण आडवे असतात, अंधांत्र आक्रसलेले व त्याची झडप सताड उघडी आढळते. मध्यभागी मृत झालेल्या मोठ्या लसीकाग्रंथी आणि जलोदर ह्यांची साथ असल्यास क्षयाची शक्यता बळावते. क्रोनमध्ये व्रण उभे असतात, रोग मध्येमध्ये निरोगी भाग सोडून पसरतो, आतड्याची आंत्रयोजनीकडील बाजू अधिक बिघडते आणि तेथील रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांप्रमाणे उठून दिसतात. तथापि ह्यांपैकी कोणतेही एक चिन्ह निर्णायक नव्हे. दुर्बिणीने घेतलेल्या ऊतकात क्षयाचे जंतू अथवा विशिष्ट मृत ऊतकयुक्त ग्रॅन्युलोमा सापडला तर प्रश्न मिटतो; परंतु तो न सापडणे हा क्षय नसल्याचा पुरावा नाही.

निर्णय न झाल्यास क्षयाचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा पाहण्याचा प्रघात आहे. येथे एक चूक सहज घडते. क्षय बरा झाला तरी व्रणाचा वण आकसून संकोच तसाच राहू शकतो. म्हणून व्रण भरले की नाहीत, हे पाहावे. संकोच उरला एवढ्यावरून रोग क्रोन ठरत नाही. तसेच रोग्याची कळ कमी झाली एवढ्यावरून तो क्षयही ठरत नाही.

संकोचातील दाह किती व तंतुमयता किती, हे आजचे चित्रण खात्रीने सांगू शकत नाही. बहुधा दोन्ही एकत्र असतात. दाह औषधाने उतरतो, तंतुमय संकोच उतरत नाही. अशा आखूड संकोचास दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येते, किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. आतडे न कापता संकोच उभा छेदून आडवा शिवण्याची पद्धत 1977 मध्ये चंदीगडच्या कटारिया व सहकाऱ्यांनी क्षयासाठी प्रसिद्ध केली. 1982 मध्ये ऑक्सफर्डच्या ली ह्यांनी तीच क्रोनसाठी वापरल्याचे नोंदविले. निदानात ज्या दोन रोगांची सतत गल्लत होते, त्यांपैकी एकावरील भारतीय अनुभव दुसऱ्याच्या उपचारास असा उपयोगी पडला. स्टेरॉइडची पहिली गोळी लिहिण्यापूर्वी क्षयाचा शोध कसोशीने घेतला गेला पाहिजे, हा धडा मात्र आजही तितकाच आवश्यक आहे.