मी चालतोय की मला चालवतायत?

बोरीवली पश्चिमेच्या एका फिजिओथेरपी केंद्रात मी आठवड्यातून तीनदा बाबांना घेऊन जायचो. अर्धांगवायूचा झटका येऊन दोन महिने झाले होते. डावा पाय असून नसल्यासारखा.

वर टांगलेला हार्नेस, खाली ट्रेडमिल, दोन्ही बाजूंना मोटर लावलेले धातूचे पाय, असं ते यंत्र. तिथली फिजिओ आधी टेपने बाबांची मांडी मोजायची, मग पोटरी. यंत्राचा गुडघा माणसाच्या गुडघ्यासमोर नेमका आला नाही, तर सांध्यावर ताण येतो. मग पट्टे. लोंबणारं पाऊल घासू नये म्हणून चवड्याखाली आणखी एक. जांघेतला पट्टा काचायचा. पहिल्या दिवशी बाबा संकोचाने त्याबद्दल बोललेच नाहीत. घरी आल्यावर लाल वळ दिसला. पुढच्या वेळेपासून आम्ही जुन्या धोतराची मऊ घडी सोबत नेली.

यंत्र सुरू झालं, पाय पडू लागले. बाबांनी विचारलं, "मी चालतोय की मला चालवतायत?"

"आत्ता यंत्रच चालवतंय, काका. हळूहळू त्याची मदत कमी करू." तिने स्क्रीनवरची रेघ दाखवली. "डावी मांडी उचला. आता... आता..." बाबांनी जोर लावला की रेघ जराशी वर जायची. एकदा पाय ताठरला आणि यंत्र थांबलं. बाबा ओशाळले. इजा होऊ नये म्हणून ते आपणहून थांबतं, हे तिने दोनदा समजावलं.

या जातीचं स्विस 'लोकोमॅट' २००१ पासून बाजारात आहे. आता केरळची जेनरोबोटिक्स कंपनीही असं यंत्र बनवते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अशा यंत्रांवरच्या २०२० च्या आढाव्यात ६२ चाचण्या आणि २,४४० रुग्ण होते. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र असेल तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वाधिक फायदा पहिल्या तीन महिन्यांत आणि मुळीच चालता न येणाऱ्यांना. मला हेच लागून राहिलंय. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द होता. तीन महिन्यांतले दोन आम्ही घरी, पाय चेपण्यात घालवले. ज्यांच्या घरी आज असा पेशंट आहे त्यांनी डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात अशा यंत्राबद्दल विचारावं.

सहाव्या आठवड्यात पट्टे सोडल्यावर बाबा पॅरलल बारमध्ये चार पावलं चालले. मोठ्याने मोजत.

परतताना रिक्षा वझिरा नाक्याच्या सिग्नलला थांबली. बाबा खाली बघत होते. डावी मांडी सीटवरून बोटभर वर येत होती, आणि ते पुटपुटत होते, "आता... आता..."