मोटारीचा गळा बसतो तेव्हा

जुन्या मोटारीच्या म्हातारपणाची चर्चा निघाली की लोक इंजिनाची चौकशी करतात, टायरांची करतात. तिच्या गळ्याची कोणी करीत नाही. हा गळा म्हणजे रेडिओचा स्पीकर. तो एका दिवसात बंद पडत नाही. आधी खर्ज जातो, मग निवेदकाला पडसे झाल्यासारखे वाटते, आणि शेवटी बातम्या कोणी पत्र्याच्या डब्यातून वाचीत आहे असा भास होतो.

यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. स्पीकरचा पडदा कागदाचा. त्याच्या मुळाशी तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी असते. तीत प्रवाह खेळला की पडदा मागेपुढे हलतो आणि आवाज होतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सारा संसार डॅशबोर्डात, समोरच्या काचेखाली मांडलेला. आता सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा आणि बंद काचांची मोटार डोळ्यांपुढे आणा! कागद कडकडीत वाळतो, त्याच्या कडा फाटतात, आणि चुंबकाच्या फटीत धूळ जाऊन बसते.

कुर्डुवाडीच्या आमच्या मामांकडे १९६७ सालची फियाट अकराशे डिलाइट आहे. या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत. तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, म्हणून मामा गाडीलाही जिल्ह्याचीच लेक मानतात! याच गाडीचे पुढे ‘पद्मिनी’ असे बारसे झाले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. मामांची डिलाइट मात्र अजून चालते. मामी होत्या तेव्हा संध्याकाळी दोघे बार्शीच्या रस्त्याने बातम्या ऐकत फिरून येत. मामी गेल्या, आणि पुढे रेडिओचाही गळा बसला. मग मामा गाडी बाहेर काढीनासे झाले.

भाचेमंडळींनी नवा स्टिरिओ सुचवला. मामा म्हणाले, “मला नवा पाहुणा नको. घरातल्या माणसाला औषध द्या.”

मामांची सारी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात गेली. कुर्डुवाडी स्टेशनाला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत, आणि १८९७ साली तिथूनच बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची चिमुकली गाडी सुटली. तिचे इंजिनिअर कॅलथ्रॉप यांचे गणित साधे होते: रूळ हलके, तेव्हा कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. स्पीकर निवडतानाही नेमके हेच गणित लागते. रेडिओला ८ ओहमचा स्पीकर मानवत असेल आणि तुम्ही ४ ओहमचा जोडलात, तर तो जादा प्रवाह ओढतो आणि रेडिओतले ट्रान्झिस्टर तापून जळू शकतात. म्हणून जुन्या स्पीकरच्या पाठीवरचा आकडा आधी वाचावा. आकडा पुसला असेल तर मीटर लावावा. मात्र ४ ओहमचा स्पीकर मीटरवर चाराहून थोडा कमीच दिसतो, हे ध्यानात असू द्यावे.

त्याआधी दुखणे खरोखर गळ्याचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा. ‘खर्र’ झाले तर गुंडाळी शाबूत. मग बोटांनी पडदा चहूबाजूंनी सारखा, हळूच दाबावा. घासल्याचा आवाज आला तर गुंडाळी फटीत अडकते आहे. नुसता कागद फाटला असेल तर टाकायची घाई नको. मांडवात कर्णे लावणाऱ्यांचे स्पीकर दुरुस्त करणारा कारागीर नवा कोन बसवून देतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतही अशा वस्तूंचा शोध घेता येतो.

मामांच्या स्पीकरची गुंडाळीच जळली होती आणि सांगाड्याला गंज चढला होता. तेव्हा बदलणे आले. व्यास, स्क्रूच्या भोकांमधले अंतर आणि मागची खोली मोजून नवा आणला. बॅटरीची तार आधी सोडली. स्पीकर जोडल्याशिवाय जुना रेडिओ चालू करू नये, हा नियमही पाळला.

“आता आवाज आपला राहील का हो?” मी विचारले.

“इंजिनाची चाके आम्ही किती वेळा बदलली! म्हणून इंजिन दुसरे झाले असे कोणी म्हटले नाही,” मामा म्हणाले.

आवाज थोडा निराळा आला, हे खरे. दुसरी अडचणही होती. हा रेडिओ मध्यम लहरींचा, आणि आकाशवाणीची ती प्रक्षेपणे एकेक करून बंद होत आहेत. दिवसा काटा फिरवला तर बहुतेक खरखरच. पण सूर्य मावळला की आकाशातला, या लहरी गिळून टाकणारा थर विरतो. मग त्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जातात. तेव्हा दूरदूरची केंद्रे पाहुण्यांसारखी गाडीत येऊन बसतात.

मामांनी आता फिरायची वेळ बदलली आहे. जेवण झाले की ते किल्ली घेतात. कुठे निघालात म्हणून विचारले, तर म्हणतात, “बघू, आज कोणतं गाव लागतंय!”