पाठांतर नको, मुद्दे हवेत

नातीला वर्गात सयाजीराव महाराजांवर बोलायचे होते. भाषण मी लिहून दिले, तिने पाठ केले. मधले एक वाक्य विसरली आणि पुढचे सगळेच गेले. रडत घरी आली. चूक माझी होती. पाठांतरात प्रत्येक वाक्य मागच्याला टेकलेले असते. मुद्दे आपापल्या पायावर उभे राहतात.

बाईंनी आठवड्याने पुन्हा संधी दिली. या वेळी चिठ्ठीवर तीनच मुद्दे होते: १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९०६ मध्ये ते संपूर्ण बडोदा संस्थानात, पुढे गावोगावी ग्रंथालये. वाक्ये तिची स्वतःची. घरी उभे राहून, घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोलली. वर्गात दोनदा अडखळली. चिठ्ठी पाहून पुढे गेली.

गणेशोत्सवात मुले बोलणार असतील, तर पालकांनी भाषण लिहून देऊ नये. आधी विचारावे, “तुला काय सांगायचंय?”