वाटेनें ठेवलेली खूण

उत्तर ध्रुवावरून एक बाण, मुद्दाम कोठेंहि न वळवितां, विषुववृत्तावर न्यावा. तेथें पाव फेरा चालून ध्रुवावर परत आणावा. तो ९० अंश वळलेला दिसेल! हा फरक वेगावर नव्हे, वेढलेल्या क्षेत्रावर ठरतो. प्रकाशलहरींच्या कलेंतहि असा फरक पडतो, हें १९५६ सालीं बंगळूरच्या पंचरत्नम् यांनीं दाखविलें. १९८४ सालीं मायकेल बेरी यांनीं तें तत्त्व क्वांटम-विश्वांत व्यापक केलें. क्वांटम-संगणकाचें गणित कलांवरहि अवलंबून असतें, आणि वेळेची किंचित् चूक तें बिघडवूं शकते. कला क्षेत्रावरून ठरविली, तर तो धोका पुष्कळ टळतो. २००३ सालीं अमेरिकेंत बेरिलियमच्या दोन आयनांवर अशी क्रिया ९७ टक्के अचूक साधली. मात्र मार्गच चुकला, तर भूमितीहि तारीत नाहीं.