पाच मिनिटांची पसंती, पाच वर्षांचा संसार

नवा फोन घेताना आपण कॅमेरा, रंग आणि हप्ता बघतो. पण फोनच्या पोटातली जागा मोजकी असते. तिथे एक सोय वाढवायची तर दुसरी कुठली तरी आवळावी लागते आणि बहुतेक वेळा ती बॅटरी असते.

ॲपलचा ‘आयफोन १७ प्रो’ सप्टेंबर २०२५ मध्ये बाजारात आला, तो दोन प्रकारांत. भारतात मिळतो त्यात सिमकार्डाचा ट्रे आहे. अमेरिकेत मिळतो त्यात ट्रे नाही, तिथे फक्त ई-सिम चालतं. बाकी आकार, जाडी, पडदा सगळं तेच. पण आपल्याकडच्या फोनची बॅटरी ३,९८८ एमएएचची आणि तिकडच्या फोनची ४,२५२ एमएएचची. नखाएवढं सिमकार्ड आणि ते सरकवायचा कप्पा, एवढ्याशा गोष्टीने बॅटरीचा सहा टक्के वाटा खाल्ला.

यात फसवणूक कोणाचीच नाही. फोन पाण्यात पडून बंद झाला तर सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घालायचं आणि बँकेचा ओटीपी मिळवायचा, ही सोय आपल्याला हवी असते. तिची किंमत आपण बॅटरीत मोजतो, एवढंच. मात्र ही किंमत दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते.

जुना नोकिया आठवडाभर का चालायचा?

बॅटरीचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी जुन्या नोकियाची आठवण काढतंच. २००३ मध्ये आलेला ‘नोकिया ११००’ जगभरात सुमारे २५ कोटी विकला गेला. टॉर्च आणि धुळीला दाद न देणारा कीपॅड यांमुळे तो आपल्याकडे गावोगावी पोचला. त्याची बॅटरी होती अवघी ८५० एमएएचची, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. तरी तो दिवसेंदिवस चालायचा, कारण त्याला कामच कमी होतं. पडदा काडेपेटीएवढा आणि एकरंगी, इंटरनेट नाही, लोकेशन नाही, मागे गुपचूप चाललेली ॲप नाहीत.

आजच्या ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर वीज मावते. म्हणजे ९ वॉटचा एलईडी दिवा दोन तास जळेल एवढी. पडदा चालू असताना फोन सरासरी दोन वॉट खात असेल, तर ही पुंजी साडेनऊ तासांत संपते. याच कारणाने फोन चार्ज करण्याचं वीजबिल नगण्य असतं. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट, म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. चणचण विजेची नाही, ती साठवायच्या जागेची आहे.

बारीक होण्याची हौस

जागा हवी तर फोन जाड करावा, हे कोणालाही सुचेल. पण शोकेसमध्ये बारीक फोन उठून दिसतो आणि हातात घेतल्यावर पहिल्या क्षणी आवडतो. सॅमसंगने २०१४ मध्ये काढलेला ‘गॅलेक्सी एस ५’ ८.१ मिलिमीटर जाड होता. त्याचं मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची, मेमरी कार्ड घालता यायचं आणि तरीही तो पाण्यात टिकायचा. प्लॅस्टिकचा दिसतो म्हणून त्याला नावं ठेवली गेली. पुढच्याच वर्षी काच आणि धातूचा ‘एस ६’ आला. तो दिसायला देखणा आणि ६.८ मिलिमीटरचा. पण बॅटरी २,८०० वरून २,५५० वर आली, झाकण कायमचं बंद झालं, मेमरी कार्ड गेलं आणि पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. ओरड झाल्यावर २०१६ च्या ‘एस ७’ मध्ये कंपनीने जाडी पुन्हा वाढवली आणि ३,००० एमएएचची बॅटरी दिली.

त्याच वर्षी ‘गॅलेक्सी नोट ७’ प्रकरण घडलं. ऑगस्टमध्ये आलेले फोन पेट घेऊ लागले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबवावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं जाहीर केली. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात पुरेशी मोकळी जागा ठेवलेली नव्हती, त्यामुळे आतला इलेक्ट्रोड दुमडला जात होता. बदली म्हणून आलेल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंगची टोकं मधल्या पातळ पडद्यात घुसत होती. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना किंचित फुगते, जुनी झाली की आणखी फुगते. तिला फोनमध्ये थोडी रिकामी जागा सोडावीच लागते. नोट ७ मध्ये नेमकी तीच कोपऱ्यात कमी पडली.

एवढं होऊनही हौस फिटलेली नाही. २०२५ मध्ये ५.८ मिलिमीटरचा ‘गॅलेक्सी एस २५ एज’ आला आणि पाठोपाठ ५.६ मिलिमीटरचा ‘आयफोन एअर’. पहिल्यात ३,९०० एमएएचची बॅटरी, दुसऱ्यात ३,१४९ ची. भारतात आले तेव्हा दोघांची किंमत लाखाच्या वर होती. आयफोन एअरला मागे एकच कॅमेरा आहे आणि सिमकार्डाचा ट्रेही नाही. एवढे पैसे मोजून माणूस बॅग उघडतो आणि पॉवर बँक बाहेर काढतो. ती धरली तर जाडी जुन्या फोनहून जास्तच भरते.

भारताच्या वाट्याला मोठी बॅटरी

गेली काही वर्षं बहुतेक सगळे फोन ५,००० एमएएचवरच अडकले होते, यामागे एक कमी माहितीचं कारण आहे. बॅटरीच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमांत एका सेलला २० वॉट-अवरपर्यंत सवलत मिळते. त्यापुढचा सेल धोकादायक मालाच्या पूर्ण नियमांत जातो. मग खास पॅकिंग, लेबलं, कागदपत्रं आणि वाढलेला खर्च. ५,००० एमएएचचा सेल १९ च्या घरात बसतो. या मर्यादेला वळसा घालायचा तर एकाऐवजी दोन सेल जोडावे लागतात आणि त्यातही जागा जाते.

‘नथिंग फोन ३’ हा जुलै २०२५ मध्ये आलेला फोन बघा. भारतात त्याची बॅटरी ५,५०० एमएएचची आहे, इतर देशांत ५,१५० ची. ५,१५० चा हिशेब जवळपास २० वॉट-अवरच होतो.

दुसरा बदल रसायनात झाला. नेहमीच्या बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं. तेवढ्याच वजनाचं सिलिकॉन सुमारे दहापट लिथियम धरून ठेवू शकतं, पण धरताना तिपटीहून जास्त फुगतं आणि त्याचा भुगा होतो. म्हणून कार्बनच्या जाळीत थोडंसं सिलिकॉन बसवायचा मार्ग निघाला. ‘ऑनर’ने २०२३ मध्ये चीनमध्ये अशा बॅटरीचा फोन काढला आणि दोन वर्षांत ६,००० ते ७,००० एमएएचचे फोन आपल्याकडच्या मधल्या किमतीतही मिळू लागले, तेही जाडी फारशी न वाढवता. इथे मात्र थोडा धीर धरावा. या बॅटऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी कशा वागतात, हे आता कुठे वापरणाऱ्यांच्या हातात ठरतंय.

वीज जाते कुठे?

मोठी बॅटरी घेतली तरी ती रिकामी करणारे तेच असतात. पहिला मान पडद्याचा. ‘डार्क मोड’ लावला की बॅटरी वाचते, असं सर्रास सांगितलं जातं. ओएलईडी पडद्यावर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, त्यामुळे म्हणणं चूक नाही. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असताना ही बचत सरासरी ३ ते ९ टक्केच भरली. उजेड शंभर टक्के असेल तेव्हाच ती चाळीसच्या आसपास गेली. सरळ उपाय म्हणजे उजेड कमी करणं.

दुसरा खादाड म्हणजे कमजोर नेटवर्क. टॉवर लांब गेला की फोन जोर लावून सिग्नल पाठवतो आणि सिग्नल तुटला की पुन्हापुन्हा शोधत बसतो. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. खिशातल्या खिशात फोन गरम होऊन मडगावपर्यंत निम्मा उतरतो तो यामुळे. अशा प्रवासात सिनेमा आधीच उतरवून घ्यावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा.

बॅटरी वाचवायला कंपन्याही एक युक्ती करतात आणि ती आपल्याला नडते. मागे चाललेली ॲप परस्पर बंद केली जातात. जाहिरातीत ‘दोन दिवस चालणारी बॅटरी’ म्हणता येतं, पण आजीच्या गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप गप्प बसतं आणि व्हॉट्सॲपचे निरोप फोन उघडल्यावर एकदम कोसळतात. औषधाचं, अलार्मचं आणि पैसे आल्याचं सांगणारं ॲप बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून ठेवावं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये तर आधी हेच करावं.

ऊन, चार्जर आणि म्हातारपण

बॅटरीचा सगळ्यात मोठा वैरी उष्णता. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, असं ॲपलच सांगते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नागपूरच्या रस्त्यावर दुपारी दीड वाजता ऑर्डर पोचवणारा पोरगा आठवून बघा. फोन हँडलला लावलेला, नकाशा चालू, उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण, डेटा चालू, वायरने चार्जिंगही चालू आणि वरून ऊन. फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंदच पडतो. वर मोटारसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिलेला आहे. कामासाठी फोन हँडलला लावणाऱ्याने धक्के शोषणारं होल्डर घ्यावं आणि चार्जिंग सावलीत करावं. बॅटरीचं आयुष्य वाढेल.

जलद चार्जिंगचाही असाच व्यवहार आहे. ८० किंवा १२० वॉटचा आकडा पूर्ण वेळ टिकत नाही. बॅटरी भरत आली की वेग आपोआप कमी केला जातो, नाहीतर ती तापेल. रात्रभर उशीखाली १०० टक्क्यांवर तापत ठेवण्यापेक्षा ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली बरी. ती सोय आता बऱ्याच फोनमध्ये आहे.

जुन्या बॅटरीत वीज कमी मावते एवढंच होत नाही. तिचा विद्युतदाबही एकदम पडतो, म्हणून २५ टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. असं होऊ नये म्हणून ॲपलने जुन्या आयफोनचा वेग गुपचूप कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये हे उघड झालं, बॅटरी बदलण्याचे दर उतरवावे लागले आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली. बॅटरी बदलली की फोन पुन्हा पळायचा, हे तोवर ग्राहकाला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

दुरुस्तीच्या टेबलावर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बॅटरी बदलताना एकदा उभं राहून बघावं. फोन तापलेल्या पट्टीवर ठेवतात, मागच्या काचेचा गोंद मऊ झाला की रबरी चकतीने काच ओढतात आणि फटीतून प्लॅस्टिकची पातळ पात फिरवतात. जरा जोर झाला की काच गेली. मग स्क्रू, पत्र्या, कनेक्टर. शेवटी तळाला चिकटवलेली बॅटरी. अल्कोहोलचे थेंब सोडून ती हळूहळू उचलावी लागते, कारण टोचली तर पेटते. नवी बसवून पुन्हा गोंद लावला तरी फोन पहिल्यासारखा पाण्यात टिकेल, याची हमी कारागीर देत नाही. नखाने उघडणाऱ्या झाकणाचं काम आता या टेबलावर येऊन पोचलं आहे.

मनात आणलं तर हे सोपं करता येतं. ‘आयफोन १६’ मध्ये बॅटरीचा गोंदच असा आहे की ९ व्होल्टची साधी बॅटरी जोडली तर साधारण दीड मिनिटात तो सुटतो. नेदरलँड्सची ‘फेअरफोन’ आजही घरच्या घरी बदलता येणारी बॅटरी देते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लावला, की ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तिथल्या खोक्यावरच्या लेबलवर दुरुस्ती किती सोपी, याची श्रेणीही छापावी लागते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि दुरुस्ती-निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीचा अहवालही २०२५ मध्ये आला. आता असा शिक्का खोक्यावर सक्तीचा व्हावा.

तोवर ग्राहकाने स्वतःच चोखंदळ व्हावं. दुकानात फोन पाच मिनिटं हातात असतो, वापरात पाच वर्षं. एक मिलिमीटर जाडी वाढली तर कव्हर चढवल्यावर ती कोणालाही कळत नाही. दोन तास जास्त चाललेली बॅटरी मात्र रोज कळते. म्हणून कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी दोन गोष्टी विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलायला किती रुपये आणि किती दिवस लागतील? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराला देता येत नसेल, तर बिल करू नका, दुसरा फोन बघा.